एन्झाइम एकदा घ्या, पुन्हा पुन्हा वापरा: प्रथिनांच्या पापुद्र्यामागचा खरा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फळ्यावर एक गणित मांडलं. एन्झाइम एकदा विकत घ्यायचं, त्याला प्रथिनांच्या पातळ पापुद्र्यात अडकवायचं आणि तेच पुन्हा पुन्हा कामाला लावायचं. व्हिडिओत आकडे भराभर पुढे सरकतात, म्हणून इथे तेच सावकाश लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा.

हा विषय कुणासाठी? तुमची छोटी डेअरी असेल, फळांच्या रसाचं किंवा सिरपचं युनिट असेल, तपासणीची किट विकत असाल, किंवा सांडपाण्याच्या रिपोर्टसाठी दर महिन्याला लॅबकडे पळत असाल, तर तुमच्यासाठी. आणि कुणी दारात येऊन "साहेब, एकदाच घाला, वर्षभर वापरा" म्हणत महागडं यंत्र गळ्यात मारत असेल, तर आगाऊ रक्कम देण्याआधी नक्की वाचा. मुद्दा घरच्या जमापुंजीचा आहे.

पैसा नेमका कुठे वाहून जातो?

दह्यापासून सुरुवात करू. आजी रात्री दूध विरजते आणि सकाळी त्यातलं चमचाभर दही उद्यासाठी बाजूला काढते. विरजणावर वेगळा खर्च होत नाही. का? कारण विरजणातले जिवाणू जिवंत आहेत, ते रातोरात स्वतःच वाढतात. कामगारच नवे कामगार तयार करतात म्हणा ना.

एन्झाइमचं तसं नसतं. एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर, हे एक प्रथिन आहे. ते एखादी रासायनिक क्रिया भराभर घडवून आणतं आणि स्वतः मात्र खर्च होत नाही. पण ते वाढतही नाही. समजा तुम्ही दुधात लॅक्टेज घातलं. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज करतं. दूध पचायला सोपं होतं, थोडं गोडही लागतं. काम संपलं तरी एन्झाइम अजून चांगलं असतं. पण आता ते दुधात विरघळलेलं आहे, त्याला वेगळं काढणार कसं? मग ते दुधाबरोबर पिशवीत जातं आणि पिशवी गिऱ्हाइकाकडे. उद्या पुन्हा नवीन बाटली फोडायची.

म्हणजे काय झालं? कामगार ठणठणीत आहे, पण रोज संध्याकाळी तुम्ही त्याला मालाबरोबर ट्रकमध्ये चढवून पाठवून देताय. सगळा प्रश्न एवढाच आहे: या कामगाराला कारखान्यातच कसं थांबवायचं, आणि थांबवण्याचा खर्च परवडतो का?

बांधायचं म्हणजे नक्की काय करायचं?

पुलाव करताना खडा मसाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून पातेल्यात सोडतात. पाणी कापडातून आतबाहेर करतं, स्वाद बाहेर येतो, मसाला मात्र पुरचुंडीतच राहतो. काम झालं की पुरचुंडी उचलायची. एन्झाइम बांधणं म्हणजे हेच. लॅक्टोजसारखे छोटे रेणू आत जाऊ शकतील, फुटून बाहेर येऊ शकतील, पण एन्झाइमचा मोठा रेणू अडकून राहील, अशी जाळी तयार करायची.

ही कल्पना जुनीच आहे. १९१६ साली अमेरिकेत नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसलं की साखर फोडणारं इन्व्हर्टेज हे एन्झाइम कोळशाच्या भुकटीला चिकटलं, तरी काम करत राहतं. कारखान्यात ती यायला मात्र अर्धं शतक लागलं. जपानच्या तानाबे सेयाकू कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली अमिनो आम्लं बनवायला बांधलेलं एन्झाइम औद्योगिक पातळीवर वापरलं. १९७३ साली त्याच कंपनीने एक पाऊल पुढे टाकलं: एन्झाइम वेगळं न काढता अख्ख्या जिवाणू-पेशीच जाळीत अडकवल्या आणि त्यांच्याकडून अस्पार्टिक आम्ल बनवून घेतलं.

आणि नकळत तर लोक त्याच्याही आधीपासून हेच करत होते. १८२३ साली जर्मनीत शुत्झेनबाख यांनी व्हिनेगर लवकर बनवण्याची पद्धत आणली. पिंपात लाकडाचे छिलके भरायचे, वरून अल्कोहोलचं पातळ द्रावण झिरपवायचं. व्हिनेगर करणारे जिवाणू छिलक्यांना धरून बसतात, खालून तयार व्हिनेगर येतं. कामगार जागेवर, माल फिरता. बस!

मग पापुद्रा प्रथिनाचाच का?

अडकवण्यासाठी बऱ्याच वस्तू चालतात. प्लास्टिकचे मणी, सिलिका, समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट. पण प्रथिनाच्या पापुद्र्याची एक वेगळी खासियत आहे. ती समजायला कोल्हापूरला जाऊ.

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. कच्चं कातडं ओलं राहिलं तर दोन दिवसांत कुजतं, कमावलेलं वर्षानुवर्षं टिकतं. कारण कातड्यातलं मुख्य प्रथिन कोलॅजेन. सालीतल्या टॅनिनमुळे त्याचे धागे एकमेकांना घट्ट धरून ठेवतात.

प्रथिनांचा पापुद्रा हे त्याच तत्त्वाचं नाजूक रूप आहे. कोलॅजेन, त्यापासून होणारं जिलेटिन, किंवा अंड्याचा पांढरा भाग यात एन्झाइम मिसळायचं. मग त्यात ग्लुटराल्डिहाइड नावाचं रसायन अगदी मोजून घालायचं. या रेणूला दोन टोकं असतात. दोन्ही टोकं प्रथिनांमधल्या अमिनो गटांना पकडतात. एक टोक अंड्यातल्या प्रथिनाला, दुसरं शेजारच्या प्रथिनाला, कधी थेट एन्झाइमला. अशा हजारो गाठी बसल्या की पातळ द्रावणाची जेली होते. ती सपाट पसरून वाळवली की पापुद्रा, थेंबाथेंबाने सोडली की मणी.

इथे एक गोम आहे. एन्झाइम स्वतः प्रथिनच! म्हणजे ग्लुटराल्डिहाइड त्यालाही गाठी मारतं. गाठी जास्त झाल्या किंवा नेमक्या कामाच्या जागी बसल्या, तर एन्झाइम जागेवर राहतं पण मुकं होतं. म्हणूनच सोबत अंड्याचं किंवा जिलेटिनचं स्वस्त प्रथिन भरपूर घालतात. गर्दीत धक्के सगळ्यांना बसतात, एकट्याला नाही. स्वस्त प्रथिन मार खातं, महाग एन्झाइम बरंचसं वाचतं.

हे सगळं परदेशातच झालं असं समजू नका. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात व्हीथ आणि वांग यांनी १९७० च्या दशकात कोलॅजेनच्या पापुद्र्यांवर काम केलं. त्यानंतर आपल्या मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, १९८० च्या दशकात अंड्याच्या पांढऱ्या भागात लॅक्टेज बांधून दुधातलं लॅक्टोज फोडण्याचे प्रयोग झाले. अंड्याच्या पांढऱ्या भागात साधारण १० टक्के प्रथिन असतं, ते बाजारात सहज मिळतं आणि स्वस्तही पडतं. आपल्याकडे जे मुबलक आहे त्यातून मार्ग काढायचा, हा विचार उद्योजकानेही घेण्यासारखा.

पेशी अडकवायच्या तर जिवंत की मेलेल्या?

एन्झाइम पेशीतून काढून शुद्ध करणं महाग पडतं. म्हणून पुष्कळदा अख्खी यीस्टची किंवा जिवाणूची पेशीच पापुद्र्यात अडकवतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा.

ग्लुटराल्डिहाइडचं २ टक्क्यांचं द्रावण दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. म्हणजे ते जंतू मारतं. मग पेशी त्यातून वाचणार कशा? बऱ्याचदा वाचतच नाहीत. पण तुमचं काम एका पायरीचं असेल, उदाहरणार्थ लॅक्टोज फोडणं किंवा साखर फोडणं, तर मेलेली पेशीही चालते. पेशी म्हणजे तेव्हा नुसती एन्झाइमने भरलेली पिशवी. उलट ती मेलेलीच बरी, कारण ती साखर स्वतः खात नाही आणि वाढून पापुद्रा फोडत नाही.

पण काम अनेक पायऱ्यांचं असेल, म्हणजे साखरेपासून अल्कोहोल वगैरे, तर पेशी जिवंतच हवी. मग ग्लुटराल्डिहाइड दूर ठेवून सौम्य मार्ग घ्यावा लागतो. सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात यीस्ट मिसळून ते कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडलं की साबुदाण्यासारखे मणी तयार होतात, आत यीस्ट जिवंत.

तर, कुणी तुम्हाला "जिवंत कल्चरचा पापुद्रा" विकत असेल, तर पहिला प्रश्न: बांधायला काय वापरलंय?

आता वही उघडा: फेऱ्यांचं गणित

पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, बाजारभाव नाहीत. पद्धत शिका, आकडे तुमचे घाला.

समजा मोकळं एन्झाइम वापरलं तर एका बॅचला ५०० रुपयांचं लागतं.

आता बांधायचं ठरवलं. बांधताना काही एन्झाइम मुकं होणार, आणि पापुद्र्यातून लॅक्टोज आत-बाहेर करायला वेळ लागतो म्हणून वेगही कमी होणार. म्हणून तिप्पट एन्झाइम घेतलं: १५०० रुपये. प्रथिन, रसायन, मजुरी, धुणं मिळून ९०० रुपये. पापुद्रा तयार झाला २४०० रुपयांत. शिवाय प्रत्येक बॅचनंतर तो धुवायचा, तपासायचा, थंडीत ठेवायचा: १५० रुपये.

म्हणजे दर बॅचचा खर्च = २४०० भागिले फेऱ्या, अधिक १५०.

• ५ फेऱ्या मिळाल्या: ४८० + १५० = ६३० रुपये. मोकळ्यापेक्षा महाग!
• ७ फेऱ्या: सुमारे ४९३ रुपये. जेमतेम बरोबरी.
• १० फेऱ्या: २४० + १५० = ३९० रुपये.
• २० फेऱ्या: १२० + १५० = २७० रुपये.
• ५० फेऱ्या: ४८ + १५० = १९८ रुपये.

यातून दोन धडे निघतात. पहिला: सात फेऱ्यांच्या आत पापुद्रा मेला तर तुम्ही आधुनिक तंत्रज्ञानाच्या नावाखाली जास्त पैसे घालवले. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा: २० वरून ५० फेऱ्यांवर गेलात तरी बॅचमागे फक्त ७२ रुपये वाचतात. कारण धुण्या-तपासण्याचे १५० रुपये जागचे हलत नाहीत. म्हणजे वीस फेऱ्या ओलांडल्यावर पापुद्र्याचं आयुष्य वाढवण्यापेक्षा धुण्याचा खर्च कमी करा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

अजून एक गोष्ट कागदावर दिसत नाही: वेळ. प्रत्येक फेरीत पापुद्र्याची ताकद ५ टक्क्यांनी घटते असं धरा. चौदाव्या फेरीला ती निम्म्यावर येते. १० टक्क्यांनी घटली तर सातव्याच फेरीला निम्मी. ताकद निम्मी म्हणजे जी बॅच चार तासांत व्हायची तिला आठ तास. तुमची शिफ्ट संपली, टाकी अडकली, दुसरं दूध ताटकळलं. पापुद्रा अजून मेलेला नाही, पण तुमच्या धंद्यासाठी तो संपलेला आहे. म्हणून फेऱ्या मोजताना "किती वेळा चालतो" हे विचारू नका. "माझ्या शिफ्टच्या वेळेत किती वेळा चालतो" हे विचारा.

आणि जाडी? जाड पापुद्रा म्हणजे मजबूत, असं वाटतं. पण जाडी दुप्पट केली की रेणूंना आत झिरपायला साधारण चौपट वेळ लागतो. आतल्या थरातलं एन्झाइम मालाची वाट बघत बसून राहतं. पगार चालू, काम बंद. पापुद्रा पातळच हवा.

दुधाच्या धंद्यातला सापळा

लॅक्टोज-फ्री दुधाचं आकर्षण मोठं आहे. गाईच्या दुधात लॅक्टोज साधारण पावणेपाच टक्के असतं, म्हणजे १०० लिटरमागे पावणेपाच किलोच्या आसपास. ते फोडायला बांधलेलं लॅक्टेज वापरावं, हे सरळच सुचतं.

इटलीत हे खरंच झालं. मिलानच्या शहर-दुग्धशाळेने १९७० च्या दशकात सेल्युलोज ट्रायॲसिटेटच्या धाग्यांत अडकवलेलं लॅक्टेज वापरून, दूध थंड ठेवून, लॅक्टोज फोडलं. प्रक्रिया यशस्वी होती. तरीही आज जगातल्या बहुतेक डेअऱ्या लॅक्टोज-फ्री दुधासाठी मोकळंच लॅक्टेज घालतात. असं का?

कारण एक: लॅक्टेज तुलनेने स्वस्त झालं. गणितातले ५०० रुपये १०० वर आले तर? आपल्या उदाहरणात नुसतं धुणंच १५० चं आहे. म्हणजे पापुद्रा लाख फेऱ्या चालला तरी तोटाच. कारण दोन: दुधात स्निग्धांश आहे, केसीन आहे. ते पापुद्र्यावर साचतात, छिद्रं बुजवतात. कारण तीन: दूध म्हणजे जिवाणूंची मेजवानी. उबदार तापमानात दूध तासन्‌तास पापुद्र्यावरून फिरलं, तर तुमच्या एन्झाइमबरोबर फुकटे पाहुणेही वाढतात. गरम वाफेने निर्जंतुक करावं तर एन्झाइमच शिजतं. मोकळ्या एन्झाइमची ही डोकेदुखी नाही: दूध आधी निर्जंतुक करा, मग निर्जंतुक एन्झाइम थेट पाकिटात सोडा, ते कपाटात बसून आपलं काम करतं.

म्हणून छोट्या डेअरीवाल्यांना माझा सरळ सल्ला: साध्या लॅक्टोज-फ्री दुधासाठी आधी मोकळ्या एन्झाइमचा भाव काढा. पनीरचं पाणी, म्हणजे व्हे, गाळून स्वच्छ केलेलं असेल तर बांधलेल्या एन्झाइमचा विचार करता येतो, कारण त्यात साचणारा गाळ कमी असतो. पण तिथेही गणित आधी, मशीन नंतर.

मग हे परवडतं कुणाला?

तीन ठिकाणी परवडतं, आणि तिन्ही ठिकाणचं कारण वेगळं आहे.

पहिलं, जिथे एन्झाइम महाग आहे, माल स्वच्छ आहे आणि फेऱ्या शेकड्यात मिळतात. पेनिसिलिन-जीपासून ६-एपीए नावाचा कच्चा माल बनतो, त्यापासून अमॉक्सिसिलिनसारखी औषधं. पूर्वी हे काम शून्याच्या खूप खाली तापमान नेऊन, घातक विद्रावकं वापरून करावं लागायचं. बांधलेल्या पेनिसिलिन असायलेजने ते पाण्यात, साध्या तापमानाला होऊ लागलं आणि तेच एन्झाइम शेकडो फेऱ्या चालू लागलं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली त्या पुण्यातच, एनसीएलमध्ये, या एन्झाइमवर बरंच संशोधन झालं आहे.

दुसरं, जिथे माल अखंड वाहतो. मक्याच्या ग्लुकोज सिरपपासून फ्रुक्टोज सिरप करायला बांधलेलं ग्लुकोज आयसोमरेज वापरतात. स्तंभात भरलं की महिनोन्‌महिने सिरप त्यातून वाहत राहतं. इथे बॅच नाही, धुणं नाही, टाकी भरणं-रिकामी करणं नाही. आपल्या गणितातले ते १५० रुपये जवळजवळ गायबच होतात.

तिसरं ठिकाण छोट्या उद्योजकासाठी सगळ्यात रंजक: तपासणीची साधनं. इथे प्रथिनांचा पापुद्रा खरा शोभतो. कारण बोटाच्या नखाएवढा तुकडा पुरतो, एन्झाइम चिमूटभर लागतं आणि गिऱ्हाईक माल विकत घेत नाही, उत्तर विकत घेतं.

१९६२ साली क्लार्क आणि ल्यॉन्स यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर बसवण्याची कल्पना मांडली. घरोघरच्या शुगर तपासणी यंत्राचा वंश तिथून सुरू होतो. तुमच्या पट्टीवरचं एन्झाइम एकदाच वापरून फेकलं जातं, तरी परवडतं, कारण ते असतंच कणभर. म्हणजे बघा, फेऱ्या जास्त हव्यात किंवा मात्रा नगण्य हवी. दोन्हीपैकी एक तरी हवंच.

सांडपाण्याचं उदाहरण घ्या. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजायला किती ऑक्सिजन लागेल, हे मोजायला आपल्याकडच्या पद्धतीने २७ अंशांना ३ दिवस थांबावं लागतं. तोवर पाणी नाल्यात जाऊन मोकळं झालेलं असतं. जपानमध्ये १९७७ साली इसाओ करुबे आणि सहकाऱ्यांनी मातीतले जिवाणू कोलॅजेनच्या पापुद्र्यात अडकवून ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर बसवले. पाण्यात घाण असेल तर जिवाणू ती खातात, खाताना ऑक्सिजन ओढतात, इलेक्ट्रोडचा आकडा खाली येतो. अंदाज तासाभराच्या आत. कायद्याच्या रिपोर्टसाठी लॅब लागेलच, पण रोजच्या रोज "आज काही बिघडलंय का" हे कळण्यासाठी असं साधन म्हणजे विमाच.

आणि हे ऐका. दुधात युरियाची भेसळ पकडायला युरियेज एन्झाइम लागतं. एफएसएसएआयची दुधातल्या युरियाची मर्यादा ७०० पीपीएम आहे. हे युरियेज आपल्या तुरीच्या दाण्यात असतं! बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी तुरीतलं युरियेज जिलेटिनमध्ये बांधून युरिया मोजणारा सेन्सर केल्याचं काम प्रसिद्ध झालेलं आहे. तूर आणि जिलेटिन, दोन्ही कुठेही मिळणाऱ्या वस्तू. विज्ञानाची पदवी घेतलेला तुमच्या घरातला मुलगा-मुलगी आणि जवळचं कॉलेज यांना जोडून घेतलंत, तर विचार करण्यासारखा विषय आहे.

विक्रेत्याला विचारायचे पाच प्रश्न

ही यादी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

१. बांधल्यावर मूळ ताकदीच्या किती टक्के उरते? "भरपूर" हे उत्तर नाही. आकडा घ्या.

२. माझ्या मालावर निम्मी ताकद उरेपर्यंत किती फेऱ्या? साखरेच्या शुद्ध पाण्यावर घेतलेली चाचणी दुधाला लागू नाही. तुमचं दूध, तुमचा रस नेऊन समोर करून घ्या.

३. एन्झाइम गळतं का? याची परीक्षा सोपी आहे. काम अर्धवट असताना पापुद्रा बाहेर काढा आणि उरलेलं द्रावण तसंच ठेवा. क्रिया थांबली तर पापुद्रा पक्का. पुढे चालूच राहिली तर एन्झाइम सुटून मालात जातंय, म्हणजे तुम्ही "एकदाच घ्या" च्या नावाखाली मोकळंच एन्झाइम वापरताय.

४. धुवायचं कशाने? डेअरीत आपण कॉस्टिक आणि आम्लाने नळ्या धुतो. बहुतेक एन्झाइम त्यात टिकत नाहीत. मग स्वच्छता कशी राखणार, लेखी घ्या.

५. बंद ठेवल्यावर किती दिवस टिकतो? सणासुदीला आठवडाभर युनिट बंद राहिलं तर काय होईल?

दोन गोष्टींत तडजोड नको

पहिली, सुरक्षितता. ग्लुटराल्डिहाइड डोळे, कातडी आणि श्वासाला त्रास देतं, सतत संपर्काने दमाही होऊ शकतो. घरच्या ओट्यावर प्रयोग करून त्याचं दूध कुणाला पाजायचं नाही, अगदी "चव बघायला" सुद्धा नाही. खाण्याच्या मालासाठी पापुद्रा वापरायचा तर रसायनाचा शिल्लक अंश किती, याचा लॅब रिपोर्ट हवा. शिवाय ते एन्झाइम, आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून काढलंय तो स्रोत, एफएसएसएआयच्या यादीत बसतो का, हे सल्लागाराकडून तपासून घ्या.

दुसरी, गिऱ्हाइकाचा विश्वास. अंडं आपल्या कायद्यात मांसाहारी खुणेत येतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. तुमचं दूध अंड्याच्या पापुद्र्यावरून गेलंय हे उपवास करणाऱ्या किंवा जैन गिऱ्हाइकाला उद्या दुसऱ्याकडून कळलं, तर? कायदा काय म्हणतो हे तर विचाराच, पण त्याआधी स्वतःला विचारा: हे मी माझ्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू शकतो का? नसेल सांगता येत, तर तो मार्ग सोडा. अल्जिनेटसारखे शाकाहारी पर्याय आहेत. तपासणीच्या साधनात हा प्रश्न येत नाही, कारण तपासलेला नमुना कुणी पीत नाही. प्रथिनांचा पापुद्रा तिथेच जास्त शोभतो असं मी म्हटलं, त्याचं हेही एक कारण.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्यात एन्झाइम नसलं तरी हा गृहपाठ करा. प्रत्येक बॅचबरोबर वाहून जाणारी, पण खरं तर पुन्हा वापरता आली असती अशी एक वस्तू शोधा. तळणीचं तेल, गाळणीचं कापड, धुण्याचं गरम पाणी, पॅकिंगचे क्रेट, काहीही. मग तीन आकडे लिहा: एकदा वापरून टाकण्याचा खर्च, जपून ठेवण्याची तयारी करायचा खर्च, आणि प्रत्येक फेरीला सांभाळण्याचा खर्च. सांभाळण्याचा खर्च नवीन वस्तूच्या खर्चापेक्षा जास्त असेल, तर तिथेच थांबा. कमी असेल, तर तयारीच्या खर्चाला त्या फरकाने भागा. आला तो आकडा म्हणजे तुमच्या किमान फेऱ्या. (तेलासारख्या वस्तूला अन्नसुरक्षेची मर्यादा आहे, ती आधी बघा.)

आपल्या उदाहरणात तो आकडा सात आला होता. तुमचा किती येतो? वहीत तारीख टाकून लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी कुणी "वर्षभर वापरा" म्हणत दारात आला की चहा पाजा, वही उघडा आणि त्याला तोच आकडा विचारा.